सिस्टर बसून राहिल्या

सांगलीत आमच्या गल्लीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्या आमच्या परसाला लागून असलेल्या घरात राहायला आल्या. तोवर माझं लग्न होऊन मी पुण्याला गेले होते. त्यामुळे माहेरी आल्यावर भिंतीपलीकडून 'कधी आलीस?' एवढीच आमची ओळख. माझ्या थोरल्या लेकीच्या जन्मानंतर त्यांनी माझ्यासाठी जे केलं, ते लिहून ठेवायचं बरीच वर्षं मनात आहे. त्या आता थकल्या आहेत. अजून लांबवू नये असं वाटतं.

2011 च्या पावसाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. घरात तयारी भरपूर होती. आईने हळीव, डिंक, खारीक, गोडंबी भरून ठेवली होती. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून, धुऊन, उन्हाची तिरीप मिळेल तशी वाळवली होती. मी पुस्तकं वाचली होती, पण सगळी पोटुशी असतानाची. बाळाला अंगावर घेणं ही शिकण्याची गोष्ट आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. गाय वासराला पाजते तसं ते आपोआप होईल, असंच मी धरून चालले होते. घरात सांगणारंही कुणी नव्हतं. आजी केव्हाच गेली होती. आणि आईला विचारलं की ती म्हणायची, "मला कुठं दूध आलं गं? तुला महिन्याच्या आतच डबा सुरू केला होता."

माझं सिझेरियन झालं. लेक माझ्याजवळ आली ती बऱ्याच तासांनी, आणि आली तेव्हा तिला वरचं दूध देऊन झालं होतं. तिसऱ्या दिवशी तिचं वजन थोडं उतरलं. पहिल्या दिवसांत जवळजवळ सगळ्याच बाळांचं वजन उतरतं आणि दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं, हे तेव्हा आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. "आईला दूध कमी दिसतंय," असं म्हणून डॉक्टरांनी कागदावर डब्याचं नाव लिहून दिलं. तो कागद घेऊन आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर लेक रडायलाच लागली. अंगावर घेतलं की दोन-चार वेळा ओढायची, तोंड सोडायची, पाठीची कमान करून लालबुंद व्हायची. परत घेतलं की परत तेच. दिवेलागणीला तर घर डोक्यावर घ्यायची. आई मीठ-मोहरीने दृष्ट काढायची. भेटायला आलेल्या बायका मायेनेच बोलायच्या, पण प्रत्येकीच्या बोलण्याचा शेवट एकच असायचा : पोट भरत नाहीये पोरीचं. कुणी म्हणालं दूध पातळ आहे, कुणी म्हणालं आईच्या जिवाला घोर आहे म्हणून दूध आटलं. बाटलीने डब्याचं दूध दिलं की ती गाढ झोपायची, आणि तो सगळ्यांच्या लेखी पुरावाच व्हायचा. मी पंप मागवला, तर बाटलीचा तळही धड भरेना. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. ती झोपेतून चाळवली की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण आता तिला पाजायला घ्यायचं. आपण आई म्हणून कुठेतरी अपुऱ्या आहोत, ही भावना मी तेव्हा कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही.

परसाच्या भिंतीपलीकडे ते रडणं रोज ऐकू जात होतं. एका दुपारी सिस्टर मागच्या दाराने आत आल्या. न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि माझ्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. दुधाबद्दल त्यांनी मला काहीच विचारलं नाही. "शू किती वेळा होते? शी कसल्या रंगाची?" मला सांगता येईना. आम्ही तिला दिवसभर विकतचे डायपर घालत होतो, कोण मोजणार? "उद्यापासून लंगोट बांधा, म्हणजे ओलं झालेलं कळेल. आणि आता ती उठली की तू पाजायला घे. मी आहे इथं."

आणि त्या खरोखर बसून राहिल्या. लेक उठली, मी तिला घेतलं, तिने ओढलं, सोडलं, रडली, मी परत घेतलं. मधे त्यांनी हात लावला नाही की सूचना केली नाही. नुसत्या बघत होत्या. आतापर्यंत कितीजणांनी मला सल्ला दिला होता, डॉक्टरांनी, पाहुण्यांनी, फोनवरून मैत्रिणींनी. पण मी बाळाला पाजते कशी, हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी तांब्याभांडं मागवलं. मला म्हणाल्या, "मान पार खांद्याकडे वळव आणि घोटभर पाणी पी बघू." मी मान वळवून घोट घेतला, तो घशाखाली उतरताना अडखळला. "तू पोरीला असंच पाजतेस." मांडीवर लेक उताणी होती आणि मान तेवढी माझ्याकडे वळलेली. त्यांनी तिला अख्खी कुशीवर वळवली. तिचं पोट माझ्या पोटाला, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मी जिकडून पाजत होते त्याच्या विरुद्ध हाताने तिला धरायला लावलं, माझा पंजा तिच्या मानेखाली. "डोकं दाबायचं नाही. डोकं दाबलं की बाळ मागे रेटतं, आणि आपण म्हणतो चिडकं आहे." माझी पाठ भिंतीला टेकवली, मांडीवर उशी दिली. स्तनाग्र तिच्या वरच्या ओठाला नुसतं लावून ठेवायचं आणि थांबायचं. तिने एकदा तोंड उघडलं, मी घाई केली, तर सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "थांब. जांभईएवढं उघडू दे." तिने मोठा आ केला आणि त्यांनी मानेखालच्या माझ्या हातासकट तिला पुढे आणलं. "छाती बाळाकडे न्यायची नाही, बाळ छातीकडे आणायचं." आधी हनुवटी रुतली, मग खालचा ओठ बाहेर उलटा वळला. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून थोडा दिसत होता, खालचा सगळा तिच्या तोंडात होता. मी कळ सोसायची तयारी म्हणून दात आवळले होते. कळ आलीच नाही. थोडा वेळ ती भरभर ओढत राहिली, मग वेग मंदावला, हनुवटी खोल जायला लागली आणि दर एक-दोन ओढींनंतर घशातून बारीक 'क्' असा आवाज. "ऐक. गिळतेय. हे दूध नाही तर काय आहे?"

आई दारात उभी राहून ऐकत होती.

त्यानंतर त्यांनी मला जे समजावून सांगितलं, ते इतकं साधं होतं की मला आधी खरंच वाटेना. नुसतं स्तनाग्र तोंडात असलं तर बाळ चोखत राहतं, चिरा पडतात आणि दूध मात्र फारसं येत नाही. बाळ चिडतं ते त्यामुळे. मग वरचं दूध दिलं की ते पेंगतं, छातीतलं दूध तसंच राहतं. दूध तुंबून राहिलं की ते बनण्याचा वेगच मंदावतो. जेवढं बाळ काढून घेईल तेवढं पुन्हा बनतं, आणि रात्री दूध बनवणारं संप्रेरक जास्त असतं म्हणून रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही. "लाडू खा, तुझ्या अंगात रक्त भरायला पाहिजे. पण दूध लाडवानं वाढत नाही, पोरीनं ओढल्यानं वाढतं." पंपाबद्दल त्या म्हणाल्या, बाळ जेवढं काढतं तेवढं यंत्राला काढता येत नाही, त्यावरून दूध मोजायचं नाही. मोजायचंच तर ओले लंगोट मोज. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत 6 किंवा जास्त वेळा शू झाली, शी मोहरीसारखी पिवळी झाली आणि वजन दिवसाला 25-30 ग्रॅमनी चढत राहिलं, तर बाळाला पुरतंय. मग गल्ली काहीही म्हणो.

डबा त्यांनी एका झटक्यात बंद करू दिला नाही, हे मला विशेष वाटतं. आधी दोन्ही बाजूंना पाजायचं, ओढणं मंदावलं की छाती हाताने हलकेच दाबायची म्हणजे ती परत गिळायला लागते, आणि मग गरज वाटली तरच वरचं. तेही बाटलीने नाही. आईने माळ्यावरून माझ्या लहानपणीचं चांदीचं बोंडलं काढलं, घासून उकळलं. आठवड्याला सिस्टर लेकीला दवाखान्यात नेऊन एकाच काट्यावर वजन करायच्या आणि एका जुन्या वहीत लिहायच्या. वजन चढेल तसं बोंडल्यातलं दूध कमी. श्रावण संपायच्या सुमारास डब्याला हात लावणं थांबलं.

संध्याकाळचं रडणं मात्र थांबलं नाही. मला वाटलं, पुन्हा दूध कमी झालं. सिस्टर म्हणाल्या, हे भुकेचं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून पुष्कळ बाळं संध्याकाळी अशी रडतात, सहाव्या आठवड्याच्या आसपास कहर करतात आणि तीन-चार महिन्यांत आपोआप शांत होतात. त्या वेळात ती सारखी अंगावर मागेल, तर द्यायचं. नको असेल तर झबलं काढून उघडी छातीशी घ्यायची, वर पदर घालून अंधाऱ्या खोलीत फेऱ्या घालायच्या. पुढे दीड-दोन महिन्यांनी छाती पूर्वीसारखी दाटेनाशी झाली, मऊ राहू लागली, तेव्हाही मी धावत परसात गेले. "अगं, गरजेपुरतं बनायला लागलं. हिशोब जुळला तुमचा दोघींचा," एवढं म्हणून त्या भाजी निवडत राहिल्या. घाबरायला मला निमित्तच लागत नव्हतं आणि प्रत्येक वेळी त्यांनी मला तितक्याच गांभीर्याने उत्तर दिलं. मी त्यांच्या जागी असते तर मला तेवढा धीर राहिला असता का, कोण जाणे.

आईशी बोलताना त्यांची रीत वेगळी होती. आईने सहाण काढून ठेवली होती. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ उगाळून गुटी द्यायची म्हणून. वर मधाचं बोट. सिस्टर म्हणाल्या, "वहिनी, मालीश तुमच्याच हातची पाहिजे, शेक-शेगडी तुम्हीच बघा. पण सहा महिने तोंडात दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको. आणि मध तर वर्षाच्या आत नाहीच, बाळाला त्यातून विषबाधा होऊ शकते." आईला राग आला असावा, पण सहाण परत कपाटात गेली. "आम्हाला तरी कुठं सगळं आधीपासून येत होतं? चार ते सहा महिने असंच शिकवलेलं. पुरते सहा महिने हे 2001 नंतर आलं. शिकत शिकतच नोकरी झाली."

त्या नोकरीबद्दल त्या मोजकंच बोलायच्या, पण मी पाजायला बसले की शेजारी बसून कधीकधी बोलत. सुरुवातीच्या काळात बाळं आईपासून वेगळ्या खोलीत असायची, घड्याळ बघून तीन-चार तासांनी पाजायला आणायची. खेड्यातल्या बायका पहिला चीक पिळून टाकायच्या. म्हशीच्या चिकाचा खरवस पाहुण्यांना वाढणारं घर बाळाच्या वाट्याचा चीक मातीत घालायचं, याचं त्यांना कायम वाईट वाटत आलं. त्या पिवळ्या, घट्ट, चमचाभर चिकातच बाळाचं पहिलं रोगांपासूनचं संरक्षण असतं. मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली, तेव्हा त्याची बातमी त्यांच्या वॉर्डात वाचून दाखवली गेली होती. एका बाईचं दूध दुसरीच्या दिवस न भरलेल्या बाळाला द्यायचं, हे ऐकून नर्सबायकाही गप्प झाल्या होत्या म्हणे. मग 1992 चा कायदा आला. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायला आणि दवाखान्यातून नमुन्याचे डबे वाटायला बंदी झाली. वॉर्डातली वेगळी खोली बंद होऊन बाळ आईच्या खाटेवर आलं. हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. मला जे दोन दुपारींत मिळालं ते शिकायला त्यांची वीस-पंचवीस वर्षं गेली होती.

पुण्याला परतताना माझ्यापुढे नोकरीचा प्रश्न होता. तेव्हा बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांचीच होती, 26 आठवडे 2017 मध्ये झाले. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला लिहून दिलं : हाताने दूध कसं काढायचं, स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ठेवायचं, फ्रिजमध्ये चोवीस तास चालतं, गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्यात भांडं ठेवायचं. ऑफिसात स्टेशनरीच्या खोलीला आतून कडी लावून मी दूध काढायचे. पहिल्या आठवड्यात कमी आलं तेव्हा फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "काढताना पोरीचा फोटो बघतेस का मशीनकडं?" मी फोटो बघायला लागले. मन निवांत असलं की पान्हा सुटतो, हेही तसं शरीरशास्त्रच आहे.

काही वर्षांनी माझ्या भावजयीचं बाळंतपण झालं. मी सुट्टी काढून सांगलीला गेले, तिच्याजवळ बसले, सिस्टरांनी मला बसवलं होतं तसं तिला बसवलं. बाळ नीट पकडत होतं, तिला कळ येत नव्हती, रात्रीही पाजत होती. तरी दोन आठवडे उलटून गेले आणि वजन जन्माच्या वजनाला पोचेना. लंगोट कमी ओले, बाळ रडायचंही कमी, नुसतं झोपायचं. मी सिस्टरांना बोलावलं. गुडघे दुखत होते तरी आल्या, पुन्हा अख्खं पाजणं पाहिलं आणि उठताना म्हणाल्या, "हिला खरंच कमी आहे. आजच्या आज डॉक्टरांकडे. न रडणाऱ्या बाळाची मला जास्त भीती वाटते." तपासणीत थायरॉईड बिघडलेलं निघालं. औषध सुरू झालं, दूध थोडं वाढलं, पुरेसं कधीच झालं नाही. भावजय रडत होती, डबा नको म्हणत होती. मला काय बोलावं सुचत नव्हतं, कारण माझ्याजवळ माझीच एक गोष्ट होती आणि ती इथे लागू नव्हती. सिस्टर तिच्याजवळ बसल्या. "बाळ आधी वाढलं पाहिजे. आधी अंगावर घे, मग वाटीनं वरचं दे. तुझं जे चार घोट जातंय ते त्याच्या कामाचंच आहे. डबा औषधासारखा आहे, लागतो तेव्हा द्यायचा, त्यात लाज कसली?" भाच्याला तसंच वाढवलं. वर्षाचा होईपर्यंत तो दोन्ही पीत होता.

त्याच दिवसांत एकदा दुपारच्या चहाला आई त्यांना म्हणाली, "आमच्या घरातच असेल हो हे. मलाही दूध नव्हतं." सिस्टरांनी कप खाली ठेवला आणि माझ्या जन्माची चौकशी केली. दवाखाना कुठला, बाळ कुठे ठेवत, पाजायला किती वेळाने आणत, डबा कुणी दिला. आईला सगळं आठवत होतं. चार तासांनी आणायचे, लेक तोवर झोपलेली असायची, घरी जाताना एक डबा फुकट मिळाला होता. "वहिनी, तुम्हाला दूध नव्हतं असं नाही. आम्ही ते येऊ दिलं नाही. त्या काळात मीसुद्धा माझ्या हातांनी डबे वाटलेत. त्यात तुमचं काही चुकलेलं नव्हतं." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून आत गेली आणि तोंड धुऊन आली. तीस-पस्तीस वर्षं ती स्वतःला उणी समजत होती, हे मला त्या दुपारपर्यंत कळलं नव्हतं. मी स्वतः त्यातून गेले होते, तरीही.

सिस्टरांना मी एकदा साडी नेली. त्यांनी घेतली, घडी मोडली आणि दुसऱ्या दिवशी तीच नेसून आमच्याकडे आल्या, तेवढ्यावर विषय मिटवला. वजनं लिहिलेली ती वही मी मागून घेतली आहे. त्यात माझ्या लेकीच्या आधी आणि नंतर गल्लीतल्या, शेजारच्या वाड्यांतल्या कितीतरी बाळांचे आकडे आहेत. पुष्कळ पानांवर नाव नाही, फक्त 'मागच्या वाड्यातली दुसरी', 'गिरणीवाल्यांचा' असं. त्यातली बरीच मुलं आता कॉलेजात गेली असतील. आपलं वजन कुणी लिहून ठेवलं होतं, हे त्यांच्या घरी कुणी सांगितलं असेल की नाही, कुणास ठाऊक. माझ्या लेकीला मी ते पान दाखवलं आहे. पुढच्या सुट्टीत ती सिस्टरांकडे राहायला जाणार आहे. त्यांना आता वाचायला दिसत नाही, म्हणून वर्तमानपत्र वाचून दाखवायचं तिने कबूल केलंय.